नेम नाही, म्हणे

शांत्या,

तुझ्या रक्षाविसर्जनाला दारातल्या मांडवात बसलो होतो. शेजारी तुझ्या शिरोलीच्या ओळखीतले कुणी पाहुणे होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, एक सुस्कारा टाकला आणि मला म्हणाले, "माणसाचा काय नेम न्हाई बघा, पावणं." माणूस भला होता, मनापासून बोलत होता. पण मला असा काही संताप आला की आणखी जरा वेळ तिथं बसलो असतो तर तुझ्याच दारात मारामारी झाली असती. उठलो, हाताला लागल्या त्या चपला पायात सरकवल्या आणि रस्त्यावर आलो. घरी आल्यावर बघितलं तर चपला दुसऱ्याच्याच होत्या. अजून माझ्याकडंच आहेत.

नेम नाही, म्हणे. आणि हे कुणाबद्दल? दहा मीटरवरच्या कागदावर, शर्टाच्या गुंडीहून लहान ठिपक्यात छऱ्यामागून छर्रा घालणाऱ्या माणसाबद्दल. उसाला पाणी द्यायची पाळी तू कधी चुकवली नाहीस, लग्नाला अक्षता पडायच्या आत पोचला नाहीस असं कधी झालं नाही. मांडवात जो तो म्हणत होता, सोन्यासारखं मरण आलं, झोपल्या जागी गेला, कुणाला त्रास दिला नाही. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हणत होते. त्रास दिला नाही? मला विचारा की.

काही लोक मला समजवायला आले. म्हणाले, मास्तर, हा राग तुमचा स्वतःवरचा आहे, माणूस गेला की असं होतं. शहाणे कुठले. मी स्वतःवर अजिबात रागावलेलो नाही. मी तुला सांगितलं होतं. एकदा नाही, घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं. माझा राग तुझ्यावर आहे, आणि तू तो ऐकायला नाहीस म्हणून तो लिहून काढतोय.

शाळेत आपण एका बाकावर बसलो, पण तेवढ्यावरून मैत्री कुणाचीही होते. आपली खरी मैत्री चाळिशीत झाली, आणि ती माझ्या ओरडण्यामुळं. तुझी श्रुती माझ्याकडं गणिताला होती. तिनं घरी सांगितलं, की सर फळ्याशी ओरडले की मागच्या बाकावर धडधडायला लागतं. दुसरा बाप असता तर अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडं गेला असता. तू मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी आलास, हाताला वंगण तसंच, आणि मला विचारलंस, "मास्तर, बीपी तपासतोस का न्हाई कधी?"

हो, हे तू मला विचारलं होतंस. तू, मला.

"रविवारी सकाळी गुऱ्हाळात ये," म्हणालास. "तुझ्यासाठी येक औषध हाय."

गडमुडशिंगीत तुझ्या मळ्यातलं ते गुऱ्हाळ. तुझ्या वडिलांच्या वेळी तिथं गूळ व्हायचा. ऊस कारखान्याला जायला लागला, चुलाण विझलं आणि लांबलचक पत्र्याचं शेड मोकळं पडलं. तू एका टोकाला टेबल मांडलंस, दुसऱ्या टोकाला लाकडी खोकं, त्याच्या पाठीला जाड रबराचा पट्टा. कागद पुढं-मागं न्यायला सायकलचं चाक आणि साखळी, तुझ्याच शिरोलीच्या लेथच्या शॉपमध्ये जुळवलेली. हाताएवढा पसारा, पण तू त्याला 'रेंज' म्हणायचास आणि चप्पल बाहेर काढायला लावायचास. भिंतींना अजून गुळाचा वास यायचा. उन्हाळ्यात मुंगळे कागदावर चढायचे, आणि लांबून बघितलं की मला वाटायचं, आपला छर्रा तिथं लागलाय.

पहिल्या दिवशी तू ती छऱ्याची रायफल माझ्या हातात दिलीस. त्या आठवड्यात शाळेत माझं कुणाशी तरी वाजलं होतं, सगळा राग घेऊन मी खांद्याला लावली आणि खटका ओढला. छर्रा पत्र्याला लागून कुठं गेला ते तुलाही कळलं नाही. दुसऱ्यांदा उचलली, तशीच ओढणार होतो. तू मागून म्हणालास, "उतरव."

"काय उतरव?"

"आधी बंदूक. मग डोसक्यातलं."

तोच तुझा मंत्र. उचलायची, अर्धा श्वास सोडायचा, थांबायचं. नेम बसला तर बसला. नाही बसला, हात हलायला लागला, तर हट्ट करायचा नाही. उतरवायची. दोन श्वास घ्यायचे, परत उचलायची. "न मारलेला छर्रा वाया जात न्हाई, मास्तर. उतरवायची लाज वाटती त्याचं सगळं भिंतीत जातंय." मला ते जमायला वर्ष गेलं. पण जमलं. वर्गातही जमलं. तोंडाशी शिवी आली की तुझा आवाज यायचा आणि मी खडू खाली ठेवायचो. पोरं नंतर नंतर म्हणायची, सर मऊ झाले. माझी बायको तर म्हणाली, शांतिनाथ भाऊजींना एकदा जेवायला बोलवा आणि त्यांच्या पायाला हात लावा. जेवायला बोलवलं. दुसरं काही केलं नाही, आणि साधं 'बरं झालं रे तू भेटलास' एवढंसुद्धा म्हटलं नाही. असलं काही आपल्यात बोलायची पद्धत नव्हती. म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, "सकाळीच घेतलीस काय?"

माझा राग तू एवढी वर्षं बसून माणसात आणलास, आणि आता तो सगळाच्या सगळा तुझ्यावर सोडायची वेळ आणलीस. ह्याला काय म्हणावं?

नेम म्हटलं की तुझ्या घरी आणखी एक गोष्ट निघायची. तू रायफल आणलीस त्या दिवशी अव्वानं जेवण सोडलं. जैनाच्या घरात बंदूक आली म्हणून तुझी आई दाराकडं पाठ करून बसून राहिली. तू हजार वेळा सांगितलंस, की हिच्यानं चिमणी मरायची नाही, नुसता कागद फुटतो. अव्वा म्हणाली, कागद फुटतो तर डोळाही फुटतो. शेवटी ती तुला बस्तीच्या देवळात घेऊन गेली आणि देवासमोर नेम दिला, की जीव असलेल्या कशावरही नेम धरणार नाही. तू हात जोडून नेम घेतलास, मग ती जेवली. तुमच्याकडं एरवीही कुणाचा हिरव्या भाजीचा नेम, कुणाचा सूर्यास्ताआधी जेवायचा. तू तुझा कांद्याचा नेम हुपरी रोडच्या मिसळीच्या गाड्यावर कधीच मोडला होतास, आणि "अव्वाला बोलू नगोस" म्हणून मला दर रविवारी वरून पाव खायला घालायचास. पण हा नेम तू पाळलास.

ती पाल आठवते? तुझी पाच छऱ्यांची फेरी चालू होती, चार छान लागले होते. पाचव्याला पाल आली आणि नेमकी काळ्या गोलावर बसली. तू रायफल उतरवलीस. मी म्हटलं, टाळी वाजवू? तू म्हणालास, नको, घाबरंल. आपण चहा प्यालो. पाल तिथंच. तू मला उसाच्या दरावर व्याख्यान दिलंस. पाल तिथंच. शेवटी ऊन कागदावर आलं तेव्हा ती आपणहून गेली, आणि तोवर तुझा हात गार पडलेला, पाचवा छर्रा कडेला गेला. तू हरलास आणि वर हसलास. "जीव हाय लेका तो, बसू दे की," म्हणालास. पालीसाठी एवढा वेळ होता तुझ्याकडं.

आता त्या दुसऱ्या खुळचटपणाबद्दल बोलतो. 'कागदाचं खरं.' कुणी काढलं होतं हे? तूच. आपलं भांडण जुंपलं की दोघांनी पाच-पाच छर्रे मारायचे. ज्याचे गुण जास्त भरतील त्याचं म्हणणं खरं, दुसऱ्यानं तोंड मिटायचं. सुरुवातीला मिसळीचे पैसे कुणी द्यायचे एवढ्यापुरतं होतं. मग वाढत गेलं. मी मुख्याध्यापक व्हावं का, हे आपण त्या कागदावर ठरवलं. तू म्हणत होतास हो, मी म्हणत होतो नको, आणि त्या दिवशी माझे जास्त भरले. अजून मी साधा मास्तर आहे आणि त्याचं मला दुःख नाही. तुझ्या मळ्यातली जुनी विहीर बुजवायची नाही हेही कागदानंच ठरवलं. बायकांना कळलं असतं तर दोघांना घराबाहेर काढलं असतं. दोन पन्नाशीतले बाप्ये, आणि संसाराचे निर्णय छऱ्यांनी घेतात. पण गंमत होती. हरलेला खरंच गप्प बसायचा, आणि गप्प बसायची संधी आपल्या दोघांना दुसरीकडं कुठं मिळत होती?

आणि तिसरं म्हणजे 'रविवारची कळ'. उभ्यानं रायफल धरायची तर सगळा भार डाव्या हातावर. संध्याकाळपर्यंत दंडात कळ भरते, खांद्यापर्यंत जाते, सोमवारी फळ्यावर लिहिताना मी डावा हात खिशात घालून उभा राहायचो. तू नाव ठेवलंस रविवारची कळ. फोनवर सुद्धा पहिला प्रश्न तोच असायचा, "काय मास्तर, कळ हाय का?" कळ असली म्हणजे रविवार चांगला गेला.

त्या आठवड्यात तू गुरुवारी फोन केलास आणि बोलता बोलता म्हणालास, की जिना चढताना दंडात कळ येते. मी म्हटलं, कुठला हात? डावा, म्हणालास. मी म्हटलं, दवाखान्यात जा. तू म्हणालास, "रविवारची कळ हाय लेका." मी ओरडलो, बऱ्याच वर्षांनी ओरडलो, की अरे, गुरुवारी कसली रविवारची कळ? तू हसलास. तिकडं लेथचा आवाज येत होता, तेवढ्यात कुणी तुला हाक मारली आणि तू फोन ठेवलास. वहिनींना फोन केला तर त्या म्हणाल्या, मला म्हणाले पित्त आहे, थंड दूध घेतलंय. मला पित्त नाही सांगितलंस, त्यांना कळ नाही सांगितलीस. प्रत्येकाला अर्धं अर्धं वाटलंस, म्हणजे कुणाकडंच पूर्ण गणित नको.

रविवारी मी रायफल उचलायला आलोच नव्हतो. तुला गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं ठरवून आलो होतो. गुऱ्हाळाच्या दारात तू नेहमीसारखा उभा, पण घाम आलेला. सकाळच्या गार हवेत, कपाळावर.

"चल," मी म्हटलं.

"कुठं?"

"माहीत हाय तुला कुठं."

"अरे मर्दा, आलायस तर बस की. चहा आणलाय."

"चहा नको मला. हात दुखतोय का न्हाई ते सांग."

"दुखतोय. बंदूक तू धरतोस व्हय माझ्यासाठी? मी धरतो, माझा दुखतो."

मग जे भांडण झालं ते आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं. मी तुला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, तुला माहीत आहे. माझ्या धाकट्या काकांचं सांगितलं, ते असेच पित्त पित्त म्हणत गेले. तू ऐकून घेतलंस. मला वाटलं, वळला. आणि तू टेबलावरचा डबा उघडून छर्रे मोजून काढलेस.

"पाच," म्हणालास. "येक जरी नवाच्या गोलाच्या भायर गेला तर तुझ्या गाडीत बसतो. हात थिर असंल तर काळीज बी थिर हाय. कागदाचं खरं."

"हे पैजेचं काम न्हाई, शांत्या."

"मग कशाचं हाय? भितोस व्हय?"

तू उचललीस. मी कागदाकडं बघत नव्हतो, तुझ्याकडं बघत होतो. तू खांद्याला लावलीस, थांबलास, उतरवलीस. परत उचललीस, परत उतरवलीस. तिसऱ्यांदाही तेच. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? माझ्या मनात आलं, काय शिस्त आहे गड्याची. एवढ्या भांडणानंतरसुद्धा घाई नाही. ते शिस्तीचं उतरवणं नव्हतंच. तुझ्याच्यानं ती रायफल पेलवत नव्हती. दुसऱ्या कुणाला असं करताना बघितलं असतं तर मी धावत जाऊन हातातून काढून घेतली असती. पण तूच शिकवलेलं होतंस ना, की उतरवणं म्हणजे शहाणपण. तुझं दुखणं तुझ्या शिकवणीच्या आड जाऊन लपलं आणि मी कौतुक करत उभा राहिलो. असला डाव शत्रूसुद्धा टाकत नाही रे.

मग तू मारलेस. पाचही. साखळी ओढून कागद जवळ आणला तर मधोमध एकच फाटकं भोक, करंगळी जाईल एवढं. तुझ्या सगळ्या वर्षांतली सगळ्यात चांगली फेरी. तू कागद माझ्यासमोर धरलास आणि डोळा मारलास.

"बोल."

मी काय बोलणार? नियम होता. मी तुला म्हटलं, तू गाढव आहेस. तू म्हणालास, "गाढव तर गाढव, पण नेम बघ." आणि मिसळीला चल म्हटलं तर म्हणालास, आज नको, घरी जाऊन पडतो. तू आणि मिसळ नको. तेव्हाही मी गाडी चालू केली आणि घरी आलो, कारण मी तुझ्यावर चिडलो होतो आणि हरलो होतो. जाताना तू आरशात दिसत होतास, डावा दंड उजव्या हातानं दाबत. रविवारच होता. कळ बरोबर दिवशी आली होती.

मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

त्यानंतर मी तुझ्या घरी सगळं केलं जे करायचं असतं. श्रुतीला पुण्याहून आणायला माणूस पाठवला, लाकडं बघितली, खांदा दिला. डाव्या खांद्यावर घेतलं तुला. एकाच्याही तोंडून त्या कागदाबद्दल ऐकलं नाही, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं. फक्त आपल्या दोघांना, आणि आता फक्त मला. हेही तूच केलंस. असली एक गोष्ट माझ्या गळ्यात बांधून गेलास, आणि नियम असा की हरलेल्यानं तोंड मिटायचं.

पुढच्या रविवारी वहिनींनी गुऱ्हाळाची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "भाऊजी, ते सगळं तुम्हीच आवरा. माझ्यानं तिकडं बघवत न्हाई." मी आवरायला गेलो आणि आवरलं काहीच नाही. तुझी रायफल उचलली आणि मारत सुटलो. एकदाही उतरवली नाही. हात हलत होता तरी मारलं, डोळ्यात पाणी होतं तरी मारलं, शिव्या देत मारलं. पत्रा वाजत होता, बाहेर तुझ्या वाटेकऱ्याचं कुत्रं भुंकत होतं. डब्यातले छर्रे संपले तेव्हा थांबलो. नवा कोरा कागद होता, शांत्या. त्याच्यावर एकही छर्रा लागलेला नव्हता. भिंत मात्र चाळण झाली आहे, आणि मी ती बुजवणार नाही.

किल्ली द्यायला घरी गेलो. वहिनी शेजारी गेल्या होत्या. अव्वा एकटी सोप्यात बसली होती, हातात जपमाळ, पण मणी सरकत नव्हते. मी पाया पडलो.

"शेवटच्या रविवारी तू हुतास न्हवं तिथं?"

"व्हय, अव्वा."

"काय म्हणत हुता?"

मी सांगितलं. नियम मोडला आणि सगळं सांगितलं, घाम, कळ, पैज, पाच छर्रे, एकच भोक. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला बोल लावेल. ती दोन्ही हातांनी माळ घट्ट धरून बसली. मग म्हणाली,

"जिवावर नेम धरणार न्हाई म्हणून देवाम्होरं बोललता. पालीला जपला, मुंगीला जपला. ह्याचा सोताचा जीव काय जीव नव्हता?"

एवढ्या लोकांत तुझ्यावर रागावलेलं दुसरं माणूस मला तेव्हा भेटलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आम्ही दोघं तुझ्यावर चिडून तिथं बसलो, आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा मला कुणाजवळ तरी बसावंसं वाटलं. वर तुझा फोटो, हार घातलेला, हसतोयस. त्या हसण्याचाही राग आला.

उठताना माझा हात नकळत दंडाकडं गेला. दिवसभर वेड्यासारखी रायफल धरली होती, कळ भरली होती. अव्वानं ते बघितलं.

"दुखतोय?"

"रविवारची..." मी म्हणायला गेलो.

"बस खाली," अव्वा म्हणाली. "नेम घे."

"अव्वा, मी काय जैन..."

"नेमाला जात लागत न्हाई. उद्या दवाखान्यात जाणार म्हण. त्याच्याआधी बंदुकीला हात लावणार न्हाई म्हण. मी जेवलेली न्हाई अजून."

मी हात जोडून म्हटलं. तिनं मान हलवली आणि आतल्या खोलीतल्या श्रुतीला हाक मारून ताट मागितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा काढून राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात गेलो. खरं सांगतो, भ्यायलो होतो. तू का टाळलंस ते जिन्यात उभा राहिल्यावर कळलं, आणि कळूनही राग गेला नाही. दारात चहाचा गाडा होता. चहावाल्यानं नुकतंच आधण ठेवलं होतं. म्हटलं, एक चांगला कर, मी आलोच, आणि वर गेलो.

तिथल्या मुलीनं शर्ट काढायला सांगितला, पलंगावर निजवलं. छातीवर काहीतरी गार गार लावलं, चिमटे लावले, वायरी जोडल्या. म्हणाली, काका, हलू नका, बोलू नका. न हलता, श्वास सांभाळून पडून राहायचं. शांत्या, आपल्याला दुसरं येतं तरी काय? तू ह्यात पहिला आला असतास. मशीन टिकटिकलं, कागदाची पट्टी बाहेर आली. डॉक्टरांनी ती बोटांवरून सरकवत बघितली, दंड दाबून बघितला.

"जड काही उचलता का?"

"रायफल. छऱ्याची."

"मग तेच. काही नाही, स्नायू दुखावलाय. शेकून काढा."

तुझेच शब्द. बंदूक धरतो म्हणून दुखतो. माझ्या बाबतीत ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे कागद बघून सांगणारा माणूस तुझ्या शॉपच्या रस्त्यावर बसला होता. तिथंही कागदच होता रे. कागदाचंच खरं करायचं होतं तर हा करायचास.

मी छाती पुसली, शर्टाच्या गुंड्या लावल्या आणि खाली आलो. चहावाला माझ्याकडं बघून म्हणाला, "थांबा की पावणं, एवढ्यात आलासा? उकळी तर येऊ दे."

एवढंच होतं, शांत्या. चहाला उकळी यायच्या आत होतं.